गोड लागणारी बिअर

तुर्कोनं एक घोट घेतला, गालात फिरवला आणि सफरचंदाच्या झाडाच्या बुंध्याशी पचकन थुंकून टाकला.

"अन्सेल्मो, खरं सांग. तू माझ्या पोरीच्या लग्नाला बिअर देतोयस की माझ्या व्याह्यांवर सूड उगवतोयस?"

अन्सेल्मो हसला. तुर्कोचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं, हे जगाच्या दक्षिण टोकाकडल्या एल बोल्सोनच्या खोऱ्यात शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. त्याचं खरं नाव एलियास. आजोबा सिरियाहून आले म्हणून गावानं त्यांना तुर्को, म्हणजे तुर्क, ठरवलं, आणि नातवानं ते नाव झटकायचं सोडून आपल्या हार्डवेअरच्या दुकानाच्या पाटीवरच रंगवून घेतलं. अशा माणसाच्या जिभेला हाड कुठून असणार?

"कडू लागली?" अन्सेल्मोनं विचारलं.

"कडू आमच्या सासूबाई बोलतात. हे त्याच्या पुढचं आहे. जीभ आखडली माझी. नीट बोलतासुद्धा येत नाहीये."

"गावावर उपकारच झाले म्हणायचे."

तुर्कोच्या हातातला ग्लास घेऊन अन्सेल्मोनं स्वतः घोट घेतला. मग आणखी एक घेतला. बिअर गोड होती. थोडीथोडकी नाही, काकवी पाण्यात ढवळल्यासारखी गोड. माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाची, चव जिभेवर येऊन ऐसपैस बसली होती, आणि तिच्या मागून हॉपच्या बोंडांचा जो कडवटपणा यायला हवा, येऊन सगळं तोंड स्वच्छ करून जायला हवा, तो आलाच नाही.

"अरे, ही तर गोड आहे," तो म्हणाला.

बाटली एकच, ग्लास एकच. तुर्कोला वाटलं हा आपली फिरकी घेतोय, अन्सेल्मोला वाटलं तो. शेवटी तुर्कोनं टोपी डोक्यावर दाबली.

"लग्न ऑक्टोबरच्या शेवटी आहे, वसंतात. तोवर हे काय ते निस्तर. अजून बर्फही वितळलं नाही, वेळ आहे. नाहीतर मी दुकानातली विकतची आणीन, आणि सगळ्यांना सांगीन की अन्सेल्मोला जमली नाही."

ही धमकी साधी नव्हती. गेली अकरा वर्षं अन्सेल्मो घरामागच्या शेडमध्ये पेल एल नावाची फिकट बिअर करत होता, आणि त्या खोऱ्यात, जिथे निम्म्या घरांच्या मागे बिअरचं पिंप फसफसत असतं आणि प्रत्येकाला आपलीच बिअर खरी वाटते, तिथेही लोक ग्लास खाली ठेवून म्हणायचे, "पण अन्सेल्मोची गोष्ट वेगळी." त्याची कृती कुठे लिहिलेली नव्हती. सगळी डोक्यात. फिकट भाजलेलं माल्ट, त्यात थोडं लालसर खरपूस माल्ट, कोमट नाही आणि उकळतं नाही अशा पाण्यात तासभर भिजवून काढलेलं गोड पाणी. ते उकळायला लागलं की हॉपची पहिली बोंडं कडूपणासाठी, मध्ये थोडी चवीसाठी, आणि अगदी शेवटी वासासाठी. एवढंच. पण किती आणि केव्हा, हे सांगायला त्याच्याकडे एकच मोजमाप होतं, आणि ते त्याच्या तोंडात होतं.

तुर्को गेल्यावर तो पिंपाशेजारी बसला आणि तिसरा घोट घेतला. गोडच. त्याच्या आईचं असंच सुरू झालं होतं.

आई, गावाची दोन्या पाल्मिरा, म्हणजे पाल्मिराबाई, हिच्या हातच्या जेवणावर सगळा मोहल्ला जीव टाकायचा. एका हिवाळ्यात तिनं रश्श्यात दोनदा मीठ घातलं. मग म्हणायला लागली की हल्लीच्या आटीव दुधाला गोडीच नाही. घरात सगळे हसले. अन्सेल्मोही हसला, ते त्याला अजून छळायचं. एका सकाळी तिनं येर्बात, त्या कडसर पाल्याच्या चहात, साखरेऐवजी मीठ घातलं आणि नळीनं ओढत ओढत मजेत पिऊन टाकली. आधी जीभ गेली, मग नावं गेली, मग माणसं. शेवटी ती त्याला विचारायची, "तू कोणाचा रे?" तिची शेवटची वर्षं इर्मानंच काढली, अन्सेल्मोच्या बायकोनं. तिला आंघोळ घालणं, भरवणं, दार उघडून रस्त्यावर गेली की परत आणणं, सगळं. त्याच इर्माला आता काय सांगायचं? की जे त्या दारानं आत आलं होतं, तेच पुन्हा त्याच दारानं येतंय? अन्सेल्मोनं ग्लास विसळून फळीवर ठेवला.

माणूस घाबरला की आधी दुसऱ्यावर संशय घेतो. अन्सेल्मोनं हॉपवर घेतला. जुनी, सुकलेली बोंडं असली तर कडूपणा उतरतो. तो सकाळीच बेनित्तेसच्या हॉपच्या मळ्यावर गेला. मळा थंडीत उजाड होता, नुसते उंच खांब आणि तारा. बेनित्तेसनं गोठवलेल्या पिशवीतली बोंडं काढून त्याच्या तळहातावर चुरली. संत्र्याच्या सालीचा आणि देवदाराच्या चिकाचा वास आला, जसा यायला हवा तसा.

"याच मार्चची आहेत," बेनित्तेस म्हणाला. "तूच तर आला होतास तोडायला. विसरलास?"

"नाही रे, विसरेन कसा," अन्सेल्मो म्हणाला. तोडणी त्याला चांगली आठवत होती, हाताला लागलेला चीकसुद्धा. पण तो एक शब्द घरापर्यंत त्याच्याबरोबर आला.

मग त्यानं थर्मामीटरवर संशय घेतला. माल्ट फार गरम पाण्यात भिजलं तर यीस्टला न पचणारी साखर उरते आणि बिअर गोड राहते. नवा थर्मामीटर आणला, जुन्याशी ताडून पाहिला, दोघांचं एकमत होतं. मग झऱ्याच्या पाण्यावर, मग माल्टच्या पोत्यावर. सगळे निर्दोष सुटले. राहता राहिला तो स्वतः.

तरी त्यानं दुसरी घाणी काढली, पिंपभर नवी बिअर. उकळीच्या सुरुवातीला नेहमीच्या दुप्पट हॉप घातले. पिंपातल्या कच्च्या बिअरची चव घेतली तेव्हा त्याला जरा बरं वाटलं, अजून थोडी गोड, पण माणसात आल्यासारखी. ती घेऊन तो गावातल्या बिअरवाल्यांच्या बैठकीला गेला. तिथे जे झालं त्यानं त्याचं डोकं पुरतं चक्रावलं. एक जण म्हणाला विष आहे. दुसरा, जो येर्बाचा थर्मास बगलेत मारूनच आला होता, म्हणाला जरा जास्त आहे पण मला आवडते. तिसऱ्यानं नुकताच क्रीमचा गोड पाव खाल्ला होता, त्यानं एका घोटात डोळे मिटले आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. कोणी म्हणालं माल्ट वाढव, कोणी म्हणालं हॉप बदल, कोणी म्हणालं बायकोशी भांडण झालंय का. प्रत्येकाचं ऐकून अन्सेल्मो मान डोलवत राहिला, आणि बाहेर पडल्यावर कोण काय म्हणालं यातलं त्याला धड काही कळलं नव्हतं.

खुळ्यासारखं त्यानं तिसऱ्या घाणीत हॉप आणखी वाढवले आणि माल्ट कमी केलं. तिसरी त्याला जवळजवळ बरोबर लागली. हेच त्याला सगळ्यात भयानक वाटलं.

घरातही काहीतरी बिनसलं होतं. इर्मा त्याच्याकडे बघत राहायची. तो जेवताना, चपला शोधताना, रेडिओवरच्या बातम्या ऐकताना. आणि तिनं येर्बा सोडली होती. पस्तीस वर्षं दोघांनी भोपळ्याच्या एकाच तुंब्यातून, एकाच नळीनं, आळीपाळीनं येर्बा प्यायली. भांडण झालं तरी तुंबा फिरायचा, शब्द नाही फिरले तरी. आता म्हणे पित्त होतं. आता ती दुधाचा चहा प्यायची, आणि त्याला मात्र सकाळी डोळा उघडल्यापासून संध्याकाळपर्यंत तुंबा भरभरून द्यायची. भरायची ती, प्यायचा हा. कोणी पाहुणा आला की "हिचा कस गेलाच आता, बदलते" म्हणून तुंबा आत नेऊन नवी भरून आणायची. अन्सेल्मोला हे विचित्र वाटलं होतं, पण त्याच्या डोक्यात स्वतःचीच एवढी काळजी होती की बायकोच्या पित्ताला तिथे जागा नव्हती.

आणि जेवताना ती विचारायची. रोज. "मीठ बरोबर आहे?" "आंबट तर नाही झालं?" एकदा तिनं पालक भरलेल्या, करंजीसारख्या एंपानादा तळल्या. पहिली त्याच्या ताटात ठेवली आणि समोर बसली.

"कडू झालंय का रे सारण?"

त्यानं घास चावला. त्याला काहीच कळलं नाही. हिरवं, मऊ, गरम, बस. पण ज्या अर्थी ती विचारतेय त्या अर्थी कडू असणार, असा त्यानं हिशेब केला.

"थोडंसं कडू आहे," तो म्हणाला, "पण चालेल की."

इर्मा उठली आणि गॅसकडे तोंड करून उभी राहिली. अन्सेल्मोला वाटलं, आपण बरोबर ओळखलं, तिला वाईट वाटलं. त्यानं आणखी दोन खाल्ल्या.

सप्टेंबर संपत आला. लग्नाची घाणी आता काढली नाही तर लग्नापर्यंत बाटल्या तयार होणार नव्हत्या. शनिवारी तुर्को निकाल लावायला आला. इर्मा चौकातल्या बाजारात गेली होती.

"बस," अन्सेल्मो म्हणाला. "आधी येर्बा घेऊ."

ओट्यावर इर्माचा डबा होता. त्यातली येर्बा त्यानं तुंब्यात भरली, गरम पाणी ओतलं, रीतीप्रमाणे पहिला तुंबा भरणाऱ्यानं प्यायचा म्हणून स्वतः प्याला, आणि पुन्हा भरून तुर्कोच्या हातात दिला.

तुर्कोनं नळी तोंडात धरून ओढली. त्याचे डोळे मोठे झाले. मग बारीक झाले. मग त्यातून पाणी आलं. दुसऱ्याच्या घरची येर्बा थुंकायची नसते, तेवढ्यावरून सोयरिकी मोडल्याचं त्या खोऱ्यात लोक सांगतात. तुर्कोनं टेबलाची कड घट्ट धरली आणि गिळली.

"कोण मेलंय तुझ्या घरात?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"का?"

"का म्हणजे? हे काय आहे? घोड्याला पोटदुखीवर देतात ते आहे का?"

"येर्बा आहे. रोजचीच."

"रोजची! अरे देवा. आण इकडे तो डबा."

तुर्कोनं वर्तमानपत्र पसरलं आणि डबा उपडा केला. बोटांनी चाळता चाळता त्यानं एक काडी उचलून उजेडात धरली. हिरवी, चपटी, दोन्ही बाजूंना झालर असलेली. मग दुसरी. मग त्याला निवडायची गरजच उरली नाही, कारण निम्मी येर्बा आणि निम्म्या त्या काड्याच होत्या.

"कार्केखा," तो म्हणाला. "आमची आजी हा कडूजहर पाला घेऊन आमच्या मागे धावायची. लिव्हर साफ होतं म्हणे. आम्ही झाडावर चढून बसायचो. आणि तू हे रोज पितोस?"

"सकाळी, दुपारी, संध्याकाळी."

"बिअरची चव घेण्याआधी?"

"सगळ्याच्याच आधी," अन्सेल्मो म्हणाला. "येर्बा न घेता मी घराबाहेर कधी..."

तो थांबला. तुर्कोनं स्वतःच्या कपाळावर एवढ्या जोरात हात मारला की टोपी पडली.

"गाढवा! या काढ्यावर रॉकेल प्यालास तरी तुला सरबत लागेल! बिअर गोड नाही, तुझं तोंड कडू आहे! बाईनं हळूहळू वाढवत नेली असेल, चिमूट चिमूट, म्हणून तुला पत्ता लागला नाही. आणि तू आपला हॉप घालतोयस, घालतोयस, आणि आम्ही मरतोय!"

तुर्कोनं त्याला नळाशी नेलं, चूळ भरायला लावली, कोरडा पाव खायला दिला, पुन्हा चूळ भरायला लावली.

"आता तासभर तोंड बंद. हे वाक्य तुला सुनावायची संधी मी शाळेपासून शोधतोय."

दोघं पायरीवर बसून राहिले. समोरच्या डोंगरावरचं बर्फ उन्हात पातळ होत होतं. कोंबड्या आल्या आणि गेल्या. अन्सेल्मो जिभेनं टाळू चाचपत होता. मग तुर्कोनं तिन्ही घाण्यांची एकेक बाटली फोडली.

पहिली कडू होती. दुसरी फार कडू होती. तिसरीचा घोट घेतला आणि अन्सेल्मोचं तोंड असं वाकडं झालं की तुर्को पोट धरून हसायला लागला. अंगावर शहारा आला, कानामागे झिणझिण्या आल्या. अन्सेल्मोनं पुन्हा घेतला. पुन्हा तोंड वाकडं झालं.

"कडू आहे!" तो ओरडला. "तुर्को, कडू आहे ही! भयंकर कडू आहे!"

"मी दोन महिने काय भजन करत होतो?"

अन्सेल्मो अंगणात गोल गोल फिरायला लागला, हातात बाटली, डोळ्यांतून पाणी. तुर्कोचं हसू जरा ओसरलं.

"काय रे? काय झालं?"

"मला वाटलं," अन्सेल्मो म्हणाला, "आईसारखं होतंय. तिचंही जिभेपासूनच..."

तुर्कोला दोन्या पाल्मिरा चांगली आठवत होती. लहानपणी तिच्या ओट्यावर त्यानं कमी खाल्लं नव्हतं. पुढे होऊन त्यानं अन्सेल्मोचा कान पिळला, लहान पोराचा पिळतात तसा, आणि टोपी उचलून घातली.

"सोमवारी घाणी काढ. साधी, पूर्वीची. आणि बायकोला विचार, तुझ्या लिव्हरनं तिचं काय घोडं मारलंय."

इर्मा बाजारातून आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. अन्सेल्मो दारातच उभा होता, हातात वर्तमानपत्राची पुडी, आणि चेहरा असा की जणू लॉटरी लागली.

"पकडली," तो म्हणाला. "सरळ सांगायचं ना! लिव्हरसाठी औषध घे म्हटलं असतंस तर मी घेतलं नसतं का?"

"नसतं घेतलंस," इर्मा म्हणाली. तिनं पिशव्या खाली ठेवल्या आणि पुडीतल्या काड्यांकडे पाहिलं. ती हसली नाही.

"बरं, नसतं घेतलं. पण तुला माहीत आहे का, याच्यापायी माझ्या तीन घाण्या वाया गेल्या? मला वाटलं माझी जीभ गेली! त्या दिवशी तू विचारलंस, एंपानादा कडू आहे का, मला ओ की ठो कळत नव्हतं. म्हटलं ही विचारतेय म्हणजे असेल कडू. म्हणून ठोकून दिलं."

"खोटं बोललास?"

"मग काय!"

इर्मा खुर्चीवर बसली. "त्यात नुसता पालक होता रे," ती म्हणाली. "पालक आणि चीज. तू कडू म्हणालास तेव्हा मी रात्रभर झोपले नाही. दुसऱ्या दिवशी डब्यात आणखी एक मूठ घातली."

"मूठ! लिव्हरला किती लागतं?"

"लिव्हरसाठी नाही घातली."

तिच्या आवाजात असं काही होतं की अन्सेल्मोच्या हातातली पुडी खाली आली. "मग?"

"बाजारात ती दोन्या रोसाल्बा बसते ना, पाल्यावाली. तिला विचारलं मी. ती म्हणाली, कार्केखानं डोकं साफ राहतं. डोक्यात जे साचतं ते लिव्हरातून निचरून जातं म्हणाली. रोज दे, पण सांगू नकोस, माणूस घाबरतो."

"डोक्यात काय साचलंय माझ्या?"

इर्मानं टेबलावरची नसलेली धूळ हातानं पुसली.

"मे महिन्यात," ती म्हणाली, "तू लाकडं फोडून आत आलास. हात धुतलेस. आणि मला विचारलंस, आईचं जेवण झालं का. मी म्हटलं, काय? तर म्हणालास, तिच्या खोलीत दिवा नाही लावला अजून. आणि मग तू टेबलावर तिसरी ताटली मांडलीस."

"मस्करी केली असेन."

"तू मस्करी करतोस तेव्हा खालचा ओठ चावतोस. पस्तीस वर्षं बघतेय. तेव्हा नव्हतास चावला."

अन्सेल्मोनं मे महिना आठवून पाहिला. लाकडं आठवली. कुऱ्हाडीचा दांडा तडकला होता, तो त्यानं तारेनं बांधला, तेही आठवलं. तार तुर्कोच्या दुकानातली. पण त्यानंतर आत येणं, हात धुणं, ताटली, यातलं काही नव्हतं. त्या जागी नुसती दुसऱ्या दिवसाची सकाळ होती. मघाशी अंगणात नाचलेला माणूस आपणच होतो का, असं त्याला वाटून गेलं. जीभ परत मिळाली म्हणून आनंद करावा, की जे गेल्याचं माहीतच नव्हतं त्याचं काय करावं, हे त्याला कळेना.

"एकदाच?" त्यानं विचारलं.

"मी पाहिलं ते एकदा."

तो उठला. तुंबा रिकामा करून धुतला, नळी उकळत्या पाण्यातून काढली. कपाटात पाहुण्यांसाठी ठेवलेलं येर्बाचं पाकीट होतं, ते फोडून साधी येर्बा भरली. पहिला तुंबा स्वतः प्याला. दुसरा भरून इर्मासमोर धरला.

"पित्त खोटं होतं ना?"

"खोटं होतं."

"मग घे."

तिनं घेतला. तिचे डोळे भरून आले आणि नळी तोंडात असल्यामुळे तिला ते पुसता येईनात, म्हणून त्यानंच पुसले. तुंबा दोनदा फिरला, तीनदा फिरला. मग तो म्हणाला, "तोंड धू आणि शेडमध्ये चल."

शेडमध्ये त्यानं तिला माल्टच्या पोत्यावर बसवलं. तिच्या तळहातावर थोडे दाणे ठेवले. "चाव. पावाच्या कडेसारखं लागतंय? हे खाली असायला हवं. पहिल्या घोटात हे आधी यायला हवं." मग तिसऱ्या घाणीचा ग्लास दिला. इर्माला बिअर आवडत नसे, आयुष्यात कधी आवडली नव्हती. तिनं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"माल्ट आलं का आधी?"

"काही नाही आलं. नुसतं कडू."

"बरोबर. हॉपनं त्याला चिरडलंय. आता हे बघ." पहिल्या घाणीचा ग्लास त्यानं पुढे केला.

"हे आलं," ती जरा विचार करून म्हणाली. "पावासारखं. पण कडू मागून येऊन जातच नाही, बसूनच राहतं."

"शाबास! ते जायला हवं. येऊन गेलं पाहिजे, म्हणजे पुन्हा घोट घ्यावासा वाटतो. म्हणजे हॉप किती कमी करायचे?"

"मला काय माहीत? मला कशाला शिकवतोयस? मला आवडत नाही ही."

"आवडायला नको," अन्सेल्मो म्हणाला. "कोणाला तरी कळायला हवं. माझं बरोबर चाललंय की नाही ते."

इर्मानं ग्लास पुन्हा उचलला आणि आणखी एक लहान घोट घेतला, या वेळी नीट, गालात फिरवून.

मग तो तिला कृती सांगू लागला. पातेल्याशी उभा राहून, हातवारे करत. पाणी एवढं तापवायचं की बोट बुडवून लगेच काढावंसं वाटेल. फिकट माल्ट एवढी बादली, लाल त्यात दोन ओंजळी. तासभर झाकून ठेवायचं, गाळायचं, उकळायचं. उकळी फुटली की पहिली मूठ. ती नाकाशी धरायची, चिकाचा वास आला पाहिजे. अर्ध्यावर दुसरी, लहान. मग गॅस बंद करायचा.

"मग गॅस बंद केला," तो पुन्हा म्हणाला, "की..."

हात हवेतच राहिला. पातेलं समोर होतं, गॅस समोर होता, हॉपची पिशवी फळीवर होती. त्यानं पिशवीकडे पाहिलं, झाकणाकडे पाहिलं.

"गॅस बंद केलास की दोन मुठी," इर्मा पोत्यावरून म्हणाली. "वासासाठी. मग झाकण. आणि कोणी झाकण उघडलं की अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोंबलायचं. अकरा वर्षं स्वयंपाकघरातून ऐकतेय मी."

"माहीत आहे," अन्सेल्मो म्हणाला. "तुला येतंय का ते बघत होतो."

इर्मा त्याच्या तोंडाकडे बघत होती. ती कुठे बघतेय ते अन्सेल्मोच्या क्षणभरानं लक्षात आलं, आणि त्यानं घाईघाईनं खालचा ओठ चावला.

"असं होय," ती म्हणाली. पोत्यावरून उठून तिनं फळीवरची हॉपची पिशवी काढून स्वतःजवळ घेतली. "चल, पाणी तापव. सोमवारपर्यंत कशाला थांबायचं."